हिरवं पाणी: वाचवले ३,४६०, गेले १,८०,९५०

आधी हिशेब सांगतो. ट्रकसाठी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये ओततात ते पाणी, दोनदा स्वस्तात घेतलं आणि ते डुप्लिकेट निघालं. वाचवले ३,४६० रुपये, गेले १,८०,९५०. यात गाडी उभी राहिली ते ३१ दिवस धरलेले नाहीत. माल दुसऱ्या गाडीत पलटी करायची हमाली धरलेली नाही. ३१,७४० चा हप्ता त्याही महिन्यांत पाच तारखेला बरोबर कापला गेला. इंजिन खोलून पडलंय याच्याशी बँकेला काय देणंघेणं?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी स्वतः आयटीआय डिझेल मेकॅनिक आहे. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं होतं. या प्रकरणानंतर बायकोनं ते उतरवून कपाटात ठेवलं. मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

डुप्लिकेट कूलंट कसं विकतात ते गाडी लाइनमधल्या माणसांना नव्यानं सांगायला नको. बादली खरी, लेबल खरं, बॅच नंबरही खरा. आत नळाचं पाणी आणि हिरवा रंग. पण ते पाणी इंजिनचं काय करतं हे फार थोड्यांना माहीत असतं. "गाडी जरा गरम होईल, एवढंच ना?" असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. गरम होणं परवडलं असतं, निदान काट्यावर दिसलं तरी असतं.

माझी दहाटायर, सहा सिलिंडर, सेकंडहँड घेतलेली. कराडहून भाजी-गूळ भरून वाशी मार्केट, परतीला मिळेल तो माल. कूलंट बदलायचं म्हणून हायवेलगतच्या नेहमीच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो. २० लिटरची तयार मिक्स बादली, छापील किंमत ४,३८०. शेठ म्हणाला, "दादा, तुमच्यासाठी २,६५०. डिस्ट्रिब्युटरचा माल हाय. बिल नको आसंल तर जीएसटी वाचतोय, त्यो तुम्हाला सोडला."

आता घरी बसून हिशेब करतो. १८ टक्के जीएसटी छापील किमतीत धरलेलाच असतो, म्हणजे ४,३८० मध्ये साधारण ६६८ रुपये. मला सुटले १,७३०. बाकीचे हजाराच्या वर रुपये शेठ कशापोटी सोडत होता? दहावीतल्या पोरानं विचारला असता असा प्रश्न, मी विचारला नाही. पण खरं सांगा, तुम्ही विचारता? आमच्या स्टँडवरच्या निम्म्या गाड्या त्याच दुकानातून माल उचलतात. डिझेल, टोल, टायर, भाडं मात्र तेच. दीड-पावणेदोन हजार सुटले तर माणूस देवाचे आभार मानतो, पंचनामा करत बसत नाही.

पण एक गोष्ट आहे, जी रात्री झोपू देत नाही.

रेडिएटरमध्ये ओतताना बादली हिसकली आणि ओंजळभर कूलंट माझ्या सदऱ्यावर सांडलं. पांढरा सदरा होता. शेजारच्या टपरीवर चहा घेतला, दोन गोष्टी झाल्या, उठताना बघतो तर सदरा कोरडा. फिकट हिरवा डाग, बाकी खडखडीत. मी खूश झालो, म्हटलं बरं झालं, वाळलं. अरे, वाळलं? खऱ्या कूलंटमध्ये ग्लायकोल असतं, ते असं वाळतं का? चिकट, बुळबुळीत, हाताला लागलं तर साबण शोधावा लागतो, कपड्यावर संध्याकाळपर्यंत ओलं राहतं. आयटीआयला असताना हजारदा हात घातलाय त्यात. चहाच्या एका कपात वाळतं ते पाणी. सदरा अंगावर होता, डोळे जागेवर होते, आणि मी पैसे देऊन निघालो. झाकणाखालचं सीलही नव्हतं, पण त्याचं एवढं वाईट वाटत नाही. सील काय, फाटतात. सदऱ्याचं वाटतं.

तेरा महिने, १ लाख ८ हजार किलोमीटर गाडी चालली. मग पुण्याकडून परत येताना खंबाटकी चढत होतो, पाण्याचा काटा वर गेला. बाजूला घेऊन ऑइलची पट्टी काढली, तर दूध घातलेल्या चहासारखं ऑइल. पोटात गोळाच आला. पाणी ऑइलच्या चेंबरात उतरलं होतं.

इंजिन खोललं. चार नंबरच्या लायनरला भोकं. (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती लोखंडी नळी, तिच्या बाहेरून कूलंट फिरतं.) आमचा मिस्त्री म्हणाला, "लायनर डुप्लिकेट हुतं, गंजलंय." किट ३८,४००, गॅस्केट ६,२५०, ऑइल ६,१२०, मजुरी १४,०००, क्रेन ९,५००. एकूण ७४,२७०. यावेळी किट कंपनीच्या डीलरकडूनच, पक्क्या बिलानं घेतलं. आणि कूलंट? त्याच दुकानातून. त्याच २,६५० ला. त्या शेठनं माझं दुःख ऐकून चहा पाजला, "आजकाल समदं डुप्लिकेट झालंय बघा" असंही म्हणाला.

आठ महिन्यांनी, ५७ हजार किलोमीटरवर, कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ पुन्हा तेच. यावेळी ऑइलातलं पाणी बेअरिंगपर्यंत पोचलेलं. किट ४१,६००, बेअरिंग ९,८५०, क्रँक ग्राइंडिंग ८,५००, गॅस्केट ६,२५०, ऑइल ६,४८०, मजुरी १६,०००, क्रेन १८,०००. एकूण १,०६,६८०. मिस्त्री आता ब्लॉकवर, म्हणजे लायनर ज्यात बसतात त्या इंजिनच्या सांगाड्यावर घसरला. "ब्लॉकच खराब हाय." ब्लॉक बदलायचा तर गाडीच विकायला लागली असती.

वाचलो ते इंजिनचं बोअरिंग करणाऱ्या काकांमुळे. सत्तरीचे आहेत, दुकानात अजून चिमणीसारखा एकच बल्ब. त्यांनी लायनर हातात घेतलं, बाहेरची बाजू फडक्यानं पुसली, माझा मोबाईल मागून टॉर्च आत धरली. काळ्या लोखंडातून उजेडाचे तीन ठिपके बाहेर आले. सुईनं टोचल्यासारखे. मग माझं बोट धरून त्या जागेवर फिरवलं. "गंज असा एका ओळीत बसतो व्हय रं?"

नव्हताच तो गंज. वरून खाली एक पट्टा, दोन बोटं रुंदीचा, आणि त्यात बारीक बारीक खड्डे. वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखे, तळाशी स्पंजासारखे खरखरीत. बाकी गोल लायनर साफ. गंज असता तर सगळीकडून चढला असता. हा पट्टा बरोबर त्या बाजूला, जिकडं पिस्टन आपटतो. मी पहिल्या वेळी असंच लायनर बघितलं होतं! हातात घेऊन बघितलं होतं, आणि मिस्त्रीच्या "गंजलंय"ला मान डोलावली होती.

काका म्हणाले, हे पाण्यातल्या बुडबुड्यांचं काम. कॅव्हिटेशन. शब्द मी शिकलो होतो, परीक्षेत दोन मार्काला लिहिलाही होता. प्रकार असा की पिस्टन वर जाऊन खाली फिरताना एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटतो आणि लायनर घंटेसारखं थरथरतं. १,८०० च्या आरपीएमला एकेका सिलिंडरात सेकंदाला १५ वेळा तर नुसता भडका उडतो. डोळ्याला दिसणार नाही इतकी लायनरची भिंत पाण्यापासून मागं सरकते. तेवढ्या क्षणापुरता तिथला दाब पडतो आणि पाणी तिथल्या तिथं उकळून वाफेचा बुडबुडा होतो. भिंत परत पुढं आली की दाब चढतो आणि बुडबुडा मिटतो. फुग्यासारखा फुटत नाही, आत कोसळतो. भिंतीला लागून असला तर पलीकडच्या बाजूचं पाणी त्याच्या पोटातून बारीक धारेसारखं घुसतं आणि लोखंडावर आदळतं. एका ठोशानं काही होत नाही. पण रात्रंदिवस, त्याच जागी, लाखो-करोडो ठोसे. धातू थकतो, कण सुटतो, खड्डा पडतो, आणि खड्ड्यात बुडबुड्याला आणखी बरी जागा मिळते.

खऱ्या कूलंटमधलं औषध, म्हणजे नायट्राइटसारखे क्षार, लायनरवर अगदी पातळ थर धरतं. ठोसा तो थर खातो, थर पुन्हा धरतो. नुसत्या पाण्यात थरच नाही, दर ठोसा उघड्या लोखंडावर. म्हणजे मी ज्याला "गाडी थंड ठेवायचं पाणी" समजत होतो, तेच आतून घण घालत होतं. त्यात माझ्या रेडिएटरच्या टोपीची स्प्रिंग ढिली. टोपी दाब धरत नसेल तर बुडबुडे आणखी सोपे. टोपी बदला, घासाघीस करू नका.

आमच्या आयटीआयच्या जुन्या सरांना फोन केला. (लाज वाटली, पण केला.) ते म्हणाले, जहाजांचे पंखे याच रोगानं खाल्ले जायचे. त्यापायी लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १९१७ साली बुडबुडा मिटताना किती दाब होतो त्याचं गणित मांडलं. त्याआधी पार्सन्स नावाच्या इंजिनिअरनं १८९५ मध्ये बुडबुडे नुसते बघता यावेत म्हणून काचेच्या खिडक्या असलेली पाण्याची पेटी बनवली होती. साहेबाला पेटी बनवावी लागली. मला फक्त सदरा बघायचा होता.

घरी उरलेलं चार लिटर होतं. काकांनी सांगितल्याप्रमाणे वाटीभर रात्री फ्रीजरमध्ये ठेवलं. सकाळी दगड. खरं तयार कूलंट पातळ राहतं, फार तर रबडीसारखं घट्ट होतं, बर्फाचा गोळा होत नाही. धाकटी म्हणाली, "पप्पा, खसचा गोळा?" मी अक्षरशः ओरडलो तिच्यावर. खरं असतं तर ते गोड लागतं आणि विष असतं. तेव्हा ही परीक्षा करणार असाल तर पोरं झोपल्यावर करा, वाटी नंतर फेकून द्या.

आता सरकारी यात्रा. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी बंदोबस्त होता. तिसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, "गाडी तुमची, पाणी तुम्ही ओतलं, यात फसवलं कुणी?" मी लायनर टेबलावर ठेवलं, तर म्हणाले खाली ठेवा, काच फुटेल. शेवटी "दिवाणी बाब आहे" म्हणून अर्ज घेतला, एफआयआर नाही. नकली ब्रँडचा मुद्दा काढला तर कळलं की ट्रेडमार्क कायद्याखाली झडतीला डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो, त्यालाही आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. ते मत येईपर्यंत शेठ बादल्या ठेवील का तिथं? वैधमापनच्या कार्यालयात गेलो, पाकिटबंद मालाचं तेच बघतात म्हणून. तिथल्या बाईंनी विचारलं, "माप पूर्ण २० लिटर होतं ना?" होतं. "मग?" मी जिना उतरून खाली आलो.

कूलंट कंपनीच्या टोल फ्री नंबरवर बॅच नंबर सांगितला तर मुलगी आनंदानं म्हणाली, "सर, आपला प्रॉडक्ट ओरिजिनल आहे." असणारच, बादली ओरिजिनल आहे! १९ दिवसांनी एक माणूस आला, बाटलीत नमुना घेतला, फोटो काढले. रिपोर्ट मागितला तर "इंटर्नल" असतो म्हणे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर मिळाला, महिन्यानं "निकाली" असा मेसेज आला. काय निकाली, ते लिहिलेलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, एवढं एक बरं. शेठच्या वकिलानं पहिल्याच तारखेला सांगितलं, ट्रक धंद्याचा, म्हणून हा ग्राहकच नव्हे. २०१९ च्या कायद्यात स्पष्टीकरण आहे: पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस स्वतःच्या कामासाठी वस्तू घेतो तेव्हा ते 'व्यापारी' धरत नाहीत. मी स्वतः गाडी चालवतो, क्लीनरसुद्धा नाही. पण हे पटवायला दोन तारखा गेल्या, आणि बिल कुठंय यावर तिसरी. कच्ची चिठ्ठी आहे, त्यावर नुसतं "कूलंट १ बा." एवढंच. पक्कं बिल घ्या. ६६८ रुपयांसाठी नाही म्हणू नका. माझं सगळं घोडं तिथंच अडलंय.

आणि रिकामी बादली कुणाला देऊ नका. भंगारात, गॅरेजमध्ये, कुणालाच. माझी पहिली बादली मिस्त्रीनं "नट-बोल्ट ठेवायला" मागून घेतली होती. बायकोला पाण्याला हवी होती तरी मी त्याला दिली. ती कुठं गेली, पुन्हा भरून कुणाच्या गाडीत ओतली गेली, देव जाणे. बुडाला भोक पाडा आणि मगच टाका. इंजिन खोललं की लायनर बाहेरून बघा, गोल फिरवून बघा, आणि "गंज" शब्द कुणी काढला तर सगळीकडून आहे की एकाच पट्ट्यात, ते विचारा. शिळं झालेलं खरं कूलंटसुद्धा औषध संपलं की पाणीच. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरवर बदला.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. लायनर पुरावा म्हणून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. वकीलसाहेब म्हणाले, तेल लावू नका, घासू नका, आहे तसं राहू द्या. परवा काढून बघितलं. पावसाळ्यात सगळ्या अंगानं तांबूस गंज चढलाय, आणि तो पट्टा आता नीट शोधावा लागतो.