जुन्या पीसीला कोणता कीबोर्ड लावावा: मॉडेल एफ, मॉडेल एम की तळाशी स्विच असलेला?

जुना पीसी हाती आला की खणखणीत वाजणाऱ्या कीबोर्डाचा मोह होतोच. मॉडेल एफ आणि मॉडेल एम हे आयबीएमचे असेच दोन कीबोर्ड. पण आवाजाआधी मशीन बघा. १९८१चा आयबीएम पीसी आणि १९८४चा एटी, दोघांचं सॉकेट तेच, पाच पिनांचं गोल. प्लग मुकाट्याने बसतो, बोली, म्हणजे संकेतांची पद्धत, मात्र जुळत नाही. पीसी आणि त्याच्या पाठोपाठ आलेला एक्सटी नुसतं ऐकून घेतात, एटी कीबोर्डाला उलट हुकूमही देतो: कॅप्स लॉकचा दिवा लाव, वगैरे. एटीचा कीबोर्ड एक्सटीला लावून मी एक अख्खी संध्याकाळ पडद्यावरचं ३०१ (कीबोर्डाच्या बिघाडाचा कोड) बघत काढली आहे.

मशीन एक्सटी असेल तर ८३ कळांचा मॉडेल एफ. कळ दाबली की स्प्रिंग वाकते आणि तिच्याखालची पट्टी सर्किट बोर्डावर कलते. कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलतो, तेवढ्यावर कळ नोंदली जाते. स्पर्श हलका, आवाजाला मागे बारीक झंकार. याची सर मॉडेल एमला नाही, असं माझं मत. पण बाणांच्या कळा नंबर पॅडमध्येच, एंटर चिंचोळा, आणि आतल्या फोमचा बहुतेक वेळा काळा भुगा झालेला. फोम बदलायची तयारी नसेल तर याच्या नादी लागू नका.

एटी किंवा त्यानंतरचं मशीन असेल तर मॉडेल एम. स्प्रिंग तीच, पण खाली मेंब्रेन, म्हणजे दाबल्यावर एकमेकांना टेकणारे प्लास्टिकचे पातळ थर; म्हणून ठोका जड आणि बोदा. १०१ कळा, मांडणी आजच्यासारखीच. पीएस/२ या नंतरच्या लहान गोल प्लगचा मॉडेल एम एटीला साध्या अडॅप्टरने चालतो, कारण बोली एकच. एक्सटीला मात्र सहसा भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. घेण्याआधी हातात धरून हलवा. आत खुळखुळलं तर प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेत. भोकं पाडून बोल्ट बसवता येतात, पण काम वेळखाऊ.

दोन्ही मशीनं असतील, तर तळाशी एक्सटी-एटी बोली बदलणारा स्विच असलेला क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा कीबोर्ड, घ्या. कळांखाली चेरी कंपनीचे स्विच असतील तर उत्तम, बिघडलेला स्विच एकटा बदलता येतो. आल्प्स कंपनीचा स्विच नवा असताना लोण्यासारखा; आत धूळ शिरली की कळ खरखरते आणि ती खरखर सहज जात नाही.

यातला कुठलाही घ्या, मशीन चालू असताना प्लग काढू-घालू नका. कीबोर्डाच्या लाइनवर मदरबोर्डावर फ्यूज असला, तर तो उडू शकतो. मग कीबोर्ड चांगला असूनही मेलेलाच वाटतो.