घोड्यांच्या आयशरमधल्या खोलीला एसी : काय घेतलं, कसं बसलं

वरातीच्या घोड्या हा आमचा घरचा धंदा. गाव कारंजा तालुक्यात, पण लग्नसराईत यवतमाळ, अमरावती, अकोला असं फिरणं चालूच. १४ फुटी आयशरच्या डाल्यात मागच्या ८ फुटांत दोन घोड्या आणि पुढच्या ६ फुटांत पोरांना झोपायची खोली. रात्री वरात, म्हणजे झोप दुपारचीच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यात पत्र्याची खोली. डीजेसमोर बुजणारी घोडी रात्रभर न झोपलेल्या पोराच्या हाती देणं मला पटत नाही. म्हणून एसी घेतला.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हात कूलर चांगला चालतो, पण तो पाणी पितो. एक घोडी उन्हाळ्यात दिवसाला ४० लिटर सहज पिते. गाडीतली टाकी आधी तिची.

बॅटरीवर चालणारा एसी पाहिला. हजार वॅटचा एसी १२ व्होल्टवर ८० च्या वर अँपिअर ओढतो, तेवढ्या बॅटऱ्या ठेवायच्या कुठे? विंडो एसी स्वस्त, पण खोलीत धडधडतो आणि सुरू होताना जनरेटरला दाबतो. शेवटी एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट घेतला. तो हळूहळू वेग घेतो, त्यामुळे ३ केव्हीएच्या जनरेटरवर बिनबोभाट चालतो. घेताना टन सगळेच विचारतात. ४६ अंशाला किती थंडावा देतो, ते विचारा. पाटीवरचा आकडा ३५ अंशाचा असतो.

खरा फरक पडला तो पफच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या पॅनेलने. वर्कशॉपवाल्याने छताला आणि तिन्ही बाजूंना दोन इंची पॅनेल लावलं. घोड्यांकडच्या भिंतीलाही लावा म्हणून मी अडून बसलो, कारण जनावराच्या अंगाची धग तिकडूनच येते. पॅनेलला एसीइतकेच पैसे गेले आणि ते वसूल आहेत. आता भर दुपारी छताला आतून हात टेकवता येतो.

बाहेरचं युनिट ड्रायव्हरच्या टपावर लोखंडी फ्रेमवर, चारही पायांखाली जाड रबर. काम देखणं होतं, पण तांब्याची नळी सरळ ताणून लावली होती. दारव्ह्याकडच्या खराब रस्त्यावर नट सैल होऊन गॅस गेला. वर्कशॉपवाला स्वतः आला, नळीला वेटोळं दिलं, रबराच्या क्लिपा ठोकल्या, नायट्रोजन भरून गळती तपासली आणि पंपाने व्हॅक्यूम करूनच गॅस भरला. पैसे घेतले नाहीत. बरेच फिटर थोडा गॅस सोडून हवा काढतात. एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, तसं करू देऊ नका.

विजेचं काम मी स्वतः उभं राहून करून घेतलं. लोखंडी डाला, ओली जमीन, पायात नाल. करंट उतरला तर घोडी माणसाच्या आधी जाईल. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारा स्विच, आणि डाल्याला वेगळी अर्थिंग. मंगल कार्यालयातून लाइन घेतली तरी गाडीजवळ जमिनीत सळई ठोकतोच. जनरेटर खाली उतरवून वाऱ्याच्या खालच्या अंगाला लांब ठेवतो. त्याचा धूर झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि जीव घेतो.

घोड्यांच्या बाजूला एसी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मुताचा उग्र वास बंद जागेत कोंडतो, छातीला बाधतो. त्यांना दोन्ही अंगांनी खिडक्या, वर झडप आणि पंखा. थंड खोलीतून ४५ च्या उन्हात घोडी काढणार कोण?

वर्कशॉपला पाचपैकी चार. नळीचा एक कापला, परत आला म्हणून जास्त कापला नाही. एसी विकणाऱ्याने मात्र चालत्या गाडीत बसवला तर वॉरंटी नाही असं बिलावरच लिहून दिलं. घेण्याआधी हे विचारून घ्या आणि गाडीतल्या बदलाची आरटीओत नोंद करा.