होडीचं चित्र शिकायला हर्णै बरं की मिरकरवाडा?

हर्णै म्हणजे दापोलीजवळचं मासेमारी बंदर, मिरकरवाडा रत्नागिरी शहरातलं. दोन्हीकडे बसून भरपूर कागद वाया घालवलेत, म्हणून सांगतो. जलरंग घेऊन पहिल्यांदाच बंदरावर बसणार असाल तर हर्णैला जा, आणि ओहोटी बघून जा.

ओहोटीला छोट्या होड्या वाळूवर कलंडलेल्या असतात. पाण्यातली होडी सारखी तोंड फिरवते, ही जागची हलत नाही. भोवती फिरून बूड कुठे रुंदावतं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, कशी उचलली जाते ते बघा. होडीच्या काठाची रेघ आडव्या ८ च्या आकड्यासारखी वळते, ती जमली की निम्मी होडी झाली. माझी पहिली होडी बघून एक तांडेल (होडीचा म्होरक्या) म्हणाला होता, "नाळ एवढी खाली? बुडवताय काय आमची होडी?" बरोबर होतं त्याचं. पुढे महिनाभर मी रंगाला हातच लावला नाही, नुसत्या पेन्सिलीने नाळा काढल्या.

संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी ऊन समुद्राकडून समोर येतं. बारकावे गळून होड्यांच्या नुसत्या गडद आकृती उरतात. तेव्हा अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एवढ्या दोन रंगांत भागतं. मागचा सुवर्णदुर्ग किल्ला एका फिकट वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या एका हातात उरकायचा, बुरूज मोजत बसायचं नाही.

मिरकरवाड्याला रंगांची चंगळ आहे. एकीला एक खेटलेल्या बोटी, झेंडे, जाळ्यांचे ढीग. पण जेट्टीवर बसलं की भरती-ओहोटी चित्रात घुसते. सुरुवातीला बोटीची बाजू समोर असते, तीन तासांनी तीच बोट खाली गेलेली असते आणि आपण वरून तिच्या डेकवर बघत असतो. अर्धं चित्र एका उंचीवरून, अर्धं दुसऱ्या. शिवाय बर्फ आणि मासळीची ने-आण चालू असते, वाटेत बसलात तर बोलणी खाल. विचारून कडेला बसा.

तरी मिरकरवाडाच हवा असेल तर अष्टमीच्या आसपास जा. तेव्हा भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही. हर्णैला उलट अमावस्या-पौर्णिमेचं उधाण बरं, वाळू लांबवर उघडी पडते. मात्र पाणी परत येतं तेही तेवढंच वर, सामान खाली ठेवू नका. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आदल्या दिवशीच्या वेळेवर विसंबू नका.

जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारून, म्हणजे झाकून ठेवलेल्या. तेव्हा दोन्हीकडे जाण्यात अर्थ नाही.