राजर्षी मका: २८ गुंठ्यांतला एका हंगामाचा अनुभव

गेल्या खरिपात मक्यानं मला पार रडवलं. दुकानातून आणलेलं बी निम्मं उगवलंच नाही; पिशवीवरची मुदत मी वाचली ती टोकण, म्हणजे हातानं दाणे लावणं, झाल्यावर. म्हणून यंदा राहुरी कृषी विद्यापीठाचं ‘राजर्षी’ हे संकरित वाण घेतलं. ऑक्टोबरात मळणी झाली, आता सविस्तर लिहितोय.

या वेळी आधी उगवण तपासली. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, पाचव्या दिवशी ९३ मोड मोजले. मगच साडेपाच किलो बी रानात नेलं.

पण खरं काम बियाण्याच्या आधीचं. ऊस फेब्रुवारीत तुटला होता. खोल नांगरट केली, खोडक्या वेचून बांधावर टाकल्या. वळवाचा पाऊस झाला आणि ढेकळं विरघळली, मग शेणखत विस्कटून कुळवाच्या दोन पाळ्या दिल्या. माझी घाई चालली होती, तेव्हा आबा म्हणाले, “ढेकूळ मुठीत चुरल्याबिगर बी टाकायचं न्हाई.” आठवडाभर थांबलो. वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, अडीच फुटांच्या ओळी धरून आठ-आठ इंचांवर, दोन बोटं खोल टोकण केली. सहाव्या दिवशी ओळी दोरीनं आखल्यासारख्या दिसत होत्या.

अपवाद खालच्या कोपऱ्याचा. तिथं सपाटीकरण राहिलं होतं. जुलैत तीन दिवस पाणी तुंबलं. मका लहानपणी पाण्यात उभा राहत नाही. पानं पिवळी पडली. बाकीचं रान गळ्याला लागलं तेव्हा ती रोपं गुडघ्याएवढी होती. बी तेच, टोकणीचा दिवसही तोच.

लष्करी अळी कुठल्याही वाणावर येते. तिसऱ्या आठवड्यात पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, भुश्शासारखी विष्ठा दिसली, लगेच निंबोळी अर्क फवारला. रोज सकाळी पोंगे उघडून बघितले, म्हणून नुकसान थोडक्यात आटोपलं.

कणसं शेंड्यापर्यंत भरली. दाणा उपटून बुडाशी काळा ठिपका, म्हणजे दाणा पक्व झाल्याची खूण, दिसल्यावरच कणसांची मोडणी केली. वाळवून १८ क्विंटल भरला. आईनं चार मोठी कणसं बियाण्याला बाजूला काढली होती, ती मी परत ढिगात टाकली. संकरित वाणाचं घरचं बी दुसऱ्या वर्षी एकसारखं येत नाही, दरसाल नवं घ्यावंच लागतं. हा खर्च मला पटतो.

पुढच्या वर्षीही राजर्षीच. त्याआधी खालच्या कोपऱ्यातून ओढ्यापर्यंत चर काढायचाय. परवा दोरी लावून मोजलं, ४५ फूट भरलं.