लातूरजवळचा कुत्र्यांचा निवारा : दत्तक घेणाऱ्यांसाठी

इथं जायचं तर निवांत वेळ काढून जा, कारण ही मंडळी आधी तुम्हालाच पारखून घेतात. घर भाड्याचं का, दुपारी कुणी असतं का, गच्चीवर बांधून तर ठेवणार नाही ना? मला हे पटलं. सध्या तिथं भुरी आहे, वर्षभराची गावरान. स्वभावानं लई गरीब. भाकरीचा तुकडा हातातून ओठांनीच अलगद घेते, दात लागू देत नाही. कानाचं टोक कापलेलं दिसेल, ती नसबंदीची खूण. रेबीजची लस झालीय, पुढं दरवर्षी तुम्ही द्यायची. फोन मात्र कुणी उचलत नाही, थेट गाठा. आमच्या म्हाताऱ्या मोत्याला दुसरं कुत्रं खपत नाही, नाहीतर मीच आणली असती. लेकराबाळांच्या घरात छान रमेल.