सीके-4 ऑइल आणि लॅब रिपोर्ट: मालवाहू पिकअपवर दीड वर्षाचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. ऑइल कुठल्या कंपनीचं, यावर चहाच्या टपरीवर जेवढा वाद होतो तेवढा फरक इंजिनात दिसत नाही. ग्रेड बरोबर हवी आणि डबा अस्सल हवा. त्यापुढचा पैसा महागड्या डब्यात घालण्यापेक्षा वापरलेलं ऑइल लॅबमध्ये तपासून घेण्यात घातला, तर गाडीच्या पोटात काय चाललंय ते कळतं.

गाडी बीएस-6 डिझेल पिकअप, डीपीएफवाली, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. काम पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यातून वाशी मार्केटचं. दिवाळीच्या पुढेमागे टोमॅटो, जानेवारीपासून द्राक्षं, मधल्या काळात कांदा किंवा मिळेल ते भाडं. रात्री भरलेली गाडी कसारा घाट उतरते, सकाळी रिटर्न माल घेऊन चढते. हायवेला लागण्याआधी कॅरेट भरायला शिवारातल्या कच्च्या रस्त्यांवर फिरावं लागतं. पुढे ट्रॅक्टर चालला असेल तर बोनेट दिसत नाही इतका फुफाटा. सगळे म्हणतात घाटाने इंजिन मरतं. रिपोर्टने फुफाट्याकडे बोट दाखवलं, ते पुढे येतंच.

ग्रेडचं आधी. माझ्या गाडीच्या पुस्तकात 15डब्ल्यू-40 (ही ऑइलची जाडी), एपीआय सीके-4 (हा डिझेल ऑइलचा दर्जा) लिहिलंय. आपल्याकडच्या दुकानांत अजून सीआय-4 प्लस या आधीच्या दर्जाचे डबे ढिगाने असतात, थोडे स्वस्तही पडतात, आणि दुकानदार म्हणतो, "डिझेलचंच आहे, चालतंय की." जुन्या, डीपीएफ नसलेल्या गाडीला चालतं. डीपीएफवाल्या गाडीला नाही. सीके-4 मध्ये सल्फेटेड राखेचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत ठेवायचं बंधन आहे. जुन्या ग्रेडला तसं बंधन नव्हतं. इंजिन जे थोडंफार ऑइल जाळतं त्याची राख थेट डीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी डीपीएफ तापवून साफ करते तेव्हा, जळून जाते, पण राख जळत नाही, ती साठतच राहते. नवा डीपीएफ घ्यायची वेळ आली की डब्यामागे वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

"राख कमी म्हणजे ॲसिड मारायची ताकदही कमी," असं एक जण मला ठामपणे सांगत होता. जुन्या डिझेलच्या काळात त्यात तथ्य होतं. बीएस-4 च्या डिझेलमध्ये गंधक 50 पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत 50 भाग, चालायचं. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये ते 10 पीपीएमच्या आत आहे. ॲसिड तयारच कमी होतं. माझ्या रिपोर्टमध्ये टीबीएन, म्हणजे ॲसिड पचवायची शिल्लक, ऑइल बदलायच्या वेळी निम्म्याहून जास्त उरलेली होती.

मिस्त्रीचा सल्ला मात्र कायम एकच: "भाऊ, लोडची गाडी आहे, 20डब्ल्यू-50 टाका, जाड ऑइल बरं." माणूस हाताचा पक्का आहे, क्लच-पाटे त्याच्याशिवाय मी कुणाला दाखवत नाही. पण हे मी ऐकलं नाही. रिंगा गेलेल्या, धूर मारणाऱ्या इंजिनाला जाड ऑइलने चार महिने ढकलता येतं, तेवढाच त्याचा उपयोग. चांगल्या इंजिनात पहाटेच्या थंडीत सेल मारल्यावर ते वर टर्बोपर्यंत पोचायला उशीर लावतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा किती खाली जातो हे आपल्याला कुणी सांगायला नको.

डब्याबद्दल एवढंच की लूज ऑइल नको, सीलबंद घ्या, गोल शिक्क्यावर ग्रेड वाचा, आणि रिकामा डबा गॅरेजवर तसाच सोडू नका. मी स्क्रूड्रायव्हरने भोक पाडूनच टाकतो. सुबक रिकाम्या डब्यांना बाजारात भाव का मिळतो, याचा विचार करा.

आता लॅबचं. नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फिटरकडून कळलं की कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचं ऑइल दर काही महिन्यांनी तपासतात. म्हटलं, मग आपल्या गाडीचं का नको? नमुना कुरियरने जातो, चार-सहा दिवसांत रिपोर्ट मोबाइलवर येतो. खर्च मला नव्या ऑइलच्या बिलाच्या निम्म्याच्या आसपास पडला.

नमुना घेण्यात खरी मेख आहे. गाडी चालवून आणायची, ऑइल गरम पाहिजे. चेंबरचा नट सोडला की पहिली धार जाऊ द्यायची, तळाचा गाळ तिच्यातच येतो. मधल्या धारेखाली कोरडी, स्वच्छ बाटली धरायची, शेवटची धारही नको. पाण्याची जुनी बाटली विसळून वापरली तर रिपोर्टमध्ये पाणी निघणार, आणि तुम्ही हेड गॅस्केटच्या चिंतेत झोप घालवणार. बाटलीवर गाडीचे एकूण किलोमीटर आणि या ऑइलवर झालेले किलोमीटर, दोन्ही लिहायचे. दुसरा आकडा नसेल तर रिपोर्ट वाचताच येत नाही. शक्य असेल तर त्याच डब्यातलं कोरं ऑइलही एकदा तपासा. कोऱ्या ऑइलमध्येही थोडं सिलिकॉन असतं, फेस होऊ नये म्हणून घातलेलं.

पहिला रिपोर्ट आला तेव्हा इंजिन आवाजाला गोड होतं, धूर नाही, पिकअप व्यवस्थित. कागदावर लोह 71 पीपीएम, सिलिकॉन 34, ॲल्युमिनियम 15. कोऱ्या ऑइलमध्ये सिलिकॉन होतं 5. तांबं आणि शिसं नगण्य. सोडियम-पोटॅशियम नाही, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये उतरत नाही. 100 अंशाला जाडी 13.1 सेंटिस्टोक. 40 ग्रेडची हद्द 12.5 पासून 16.3 पर्यंत, म्हणजे ऑइल ग्रेडमध्येच होतं. थोडक्यात, बिचाऱ्या ऑइलचा काहीच दोष नव्हता. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम जोडीने चढले की संशय धुळीवर जातो, कारण मातीत हे दोन्ही असतात. नुसतं सिलिकॉन वाढलं असतं तर कुठे नवं सीलंट लावलंय का ते बघायचं. सोबत लोह चढलेलं, म्हणजे ती धूळ लायनर-रिंगांवर पॉलिश पेपर मारत होती.

मग एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर वरून ठीक दिसत होता. फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी होज काढला आणि आत बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी बारीक लालसर धूळ. फिल्टरच्या पुढच्या बाजूला हा होज आरशासारखा स्वच्छ पाहिजे. क्लिप सैल होती, आधीच्या सर्व्हिसला ज्या गॅरेजने फिल्टर काढला त्यांनी ती पूर्ण आवळलीच नव्हती, आणि होजच्या कडेला बारीक चीर गेलेली. होज, क्लिप, फिल्टर मिळून जो खर्च आला त्यात इंजिनच्या कामाचं एक गॅस्केट किटही आलं नसतं. फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून पुन्हा बसवणं त्या दिवसापासून बंद. दाबाच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, मग फिल्टर नावालाच.

पुढच्या रिपोर्टला, साधारण तेवढ्याच किलोमीटरवर, सिलिकॉन 12 आणि लोह 29. ऑइल तेच, कंपनी तीच, घाटही तोच. ब्रँडवर वाद घालणाऱ्यांना मी आता हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवतो. अर्थात एका रिपोर्टवर कधी निकाल देऊ नका. ज्याच्या-त्याच्या गाडीचा आकडा वेगळा, मागच्यापेक्षा चढतोय की उतरतोय हे महत्त्वाचं.

लॅब नको असेल त्यांनी घरच्या घरी दोन गोष्टी करा. पहिली, जुना ऑइल फिल्टर हॅक्सॉने न कापता, कारण त्याचा भुगा आत पडतो, पाइप कटरसारख्या हत्याराने उघडायचा आणि कागदाच्या घड्या उन्हात उलगडून बघायच्या. थोडी काजळी असणारच. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड. न चिकटणारे पिवळट-तांबूस कण असतील तर बेअरिंगकडे लक्ष द्या. दुसरी, गेजवरचा एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवायचा. काजळी बाहेरपर्यंत एकसारखी पसरली तर ऑइलमध्ये जीव आहे. मध्येच काळा गोळा होऊन बसली तर बदला. नुसता रंग बघून मात्र काही ठरवू नका. डिझेलचं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

आणि डीपीएफवाल्यांनी गेजवर ऑइल कमी होतंय का एवढंच बघू नका, वाढतंय का तेही बघा. मध्यंतरी गाडी नाशिक शहरात दुकानोदुकानी माल पोचवायला लावली होती. दोन किलोमीटर चाल, अर्धा तास थांब. रिजनरेशन अर्धवट तुटत राहिलं, त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरलं आणि पातळी खुणेच्या वर गेली. त्या खेपेला जाडी 12 च्या खाली आली होती, ऑइल ठरलेल्या मुदतीआधीच काढावं लागलं. घाटाचं भाडं इंजिनाला परवडतं, ही असली शहरातली कामं नाही.

मुदत वाढवायचा मोह होतो. रिपोर्ट बघता ऑइल आणखी दोन-तीन हजार किलोमीटर आरामात गेलं असतं. पण वॉरंटी संपेपर्यंत पुस्तकातल्या आकड्यापुढे जाणार नाही, बिलंही जपून ठेवलीत. सध्या नजर तांब्यावर आहे. मागच्या दोन रिपोर्टमध्ये ते हळूहळू चढलंय, शिसं जागच्या जागी आहे. दोन्ही सोबत चढले असते तर बेअरिंगची काळजी होती. एकटं तांबं बहुतेक ऑइल कूलरमधून येतं. पुढचा नमुना द्राक्षांचा हंगाम उरकला की देणार आहे.