क्रायोग्लोब्युलिन तपासणी: रिपोर्टच्या आधी थर्मास बघा

हिपॅटायटिस सी असलेल्या काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रथिनं तयार होतात, जी थंडाव्यात साक्यासारखी खाली बसतात आणि ऊब मिळाली की परत विरघळतात. यांनाच क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. पायांवर जांभळट पुरळ, सांधेदुखी, अंगातलं त्राण गेल्यासारखा थकवा, कधी मूत्रपिंडाला सूज. ही प्रथिनं शोधणारी तपासणी दिसायला अगदी साधी आहे. सेवा म्हणून मात्र बेभरवशाची, आणि गडबड बहुतेक वेळा रक्त घेतानाच होते.

ट्यूब आणि सिरिंज आधीच ३७ अंशांवर तापवलेली हवी. ट्यूब साधी, लाल झाकणाची. ईडीटीए किंवा हेपॅरिन (रक्त गोठू न देणारी द्रव्यं) असलेली चालत नाही, कारण त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन शिल्लक राहतं आणि तेच थंडीत बसून खोटा पॉझिटिव्ह देऊ शकतं. रक्तही भरपूर लागतं, १० ते २० मिली. एवढ्याशा नमुन्यात बारीक साका दिसतच नाही. मग ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासमधून नमुना लॅबमध्ये जातो, तिथे उबेतच गोठतो आणि उबेतच सेंट्रिफ्यूजमध्ये (यंत्रात वेगाने) फिरवला जातो. ट्यूब स्टँडवर थोडा वेळ जरी तशीच राहिली, तरी प्रथिनं गुठळीबरोबर खाली जातात आणि वरचं सिरम (गुठळी वगळून उरलेला द्रव) स्वच्छ निघतं. रिपोर्ट 'निगेटिव्ह', आजार जागच्या जागी. म्हणूनच घरी येऊन रक्त नेणारी सोय या तपासणीपुरती नकोच. थेट लॅबमध्ये जाऊन द्या, आणि थर्मास दाखवा म्हणायला लाजू नका.

पुढे सिरम ४ अंशांवर ७ दिवस ठेवतात. क्रायोग्लोब्युलिनचे तीन प्रकार आहेत: पहिल्याचा साका बहुधा दिवसभरातच बसतो, तिसऱ्याला आठवडाही लागतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी हातात पडलेल्या 'निगेटिव्ह'ला काही अर्थ नाही. साका दिसला तर तो पुन्हा ३७ अंशांवर विरघळतो का, हे पाहायलाच हवं. चांगली लॅब त्याचा प्रकारही सांगते. नुसता 'पॉझिटिव्ह' शिक्का म्हणजे अर्धवट काम.

क्रायोक्रिटच्या, म्हणजे सिरममध्ये साका किती याच्या, टक्केवारीवरून घाबरू नका. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं गणित इथे जुळत नाही. लक्षणं असून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तपासणी पुन्हा करावी. सोबत सी४ (प्रतिकारशक्तीतलं एक प्रथिन) आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (स्वतःच्याच प्रतिपिंडांना चिकटणारं प्रतिपिंड) बघावा: सी४ फारच खाली आणि फॅक्टर वर, ही जोडी संशय पक्का करते. अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असेल तर एचसीव्ही आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणीही हवीच, कारण विषाणू आत्ता अंगात आहे की नाही हे त्यावरूनच कळतं.

विषाणूवरच्या गोळ्यांचा कोर्स साधारण ८ ते १२ आठवड्यांचा असतो. त्यानंतर आरएनए सापडेनासा झाला तरी क्रायोग्लोब्युलिन काही जणांत महिनोन्‌महिने रेंगाळतात. ती फेरतपासणी शक्यतो पहिल्याच लॅबमध्ये करावी. पद्धत लॅबगणिक इतकी बदलते की दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून काही ठरवता येत नाही.